समुद्राचा पीएच आणि आठवडी बाजारातली सुकट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात आतल्या पानावर 'समुद्र बनतोय ॲसिड. जगाचा प्राणवायू धोक्यात' अशी दोन कॉलमी बातमी आली होती. सोबत वाळूत पडलेल्या देवमाशाचे चित्र. प्लवकांचे नाव बातमीत आले होते, पण प्लवक म्हणजे कोण, समुद्र बदलला की त्यांचे नेमके काय होते, याबद्दल एक ओळही नव्हती. देवमासा तिथे कशासाठी आला, ते त्यालाच ठाऊक.

तासगावात मी माती-पाणी तपासणीची छोटी प्रयोगशाळा चालवते. गिऱ्हाईक बहुतेक द्राक्षबागायतदार. फवारणीचे पाणी असो, बोर्डो (मोरचूद-चुन्याचे बुरशीनाशक) असो, ठिबक असो, आमच्याकडे पहिला प्रश्न पीएचचा, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणाऱ्या आकड्याचा. त्यामुळे ही बातमी इतर ठिकाणी नुसती वाचून सोडून दिली गेली असेल, इथे तिच्यावर चर्चा झाली. दुसऱ्याच दिवशी पाण्याची बाटली घेऊन आलेल्या एका बागायतदाराने विचारले, "ताई, समुद्राचा पीएच चारच्या खाली गेला म्हणं की!" दुसरे एक काका म्हणाले, आता श्वास घ्यायलाही विकतची हवा लागणार. दोघांची समजूत काढता काढता माझी दुपार गेली, तेव्हा ठरवले की आपल्यालाच लिहावे. पत्र लांबणार आहे. कापायचे झाल्यास माझ्याविषयीचा मजकूर कापा, आकडे ठेवा.

तर आधी आकडा. कारखानदारीचे युग सुरू होण्यापूर्वी समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्याचा सरासरी पीएच ८.२ च्या आसपास होता. आज तो ८.१ च्या आसपास आहे. सात म्हणजे उदासीन, त्यावर अल्कधर्मी. समुद्र आजही अल्कधर्मीच आहे. धूर असाच वाढत राहिला तर या शतकाच्या अखेरीस तो ७.८ च्या जवळ येईल असा अंदाज आहे, आणि तोही आकडा सातच्या वरच. ७.८ चे बोअरचे पाणी माझ्याकडे आले तर शेऱ्यात मी 'ठीक' लिहून मोकळी होते.

पण बोअर आणि समुद्र यांत फरक आहे, आणि ०.१ हा आकडा दिसतो तितका बारीक नाही. पीएचची मोजपट्टी दहाच्या पटीने चालते. एक अंक उतरला की हायड्रोजन आयन (आम्लपणा आणणारे कण) दहापट होतात, ०.१ उतरला की ते सुमारे २६ टक्क्यांनी वाढतात. ७.८ ला पोचलो तर ते आजच्या दुप्पट झालेले असतील. ही घसरण १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून दर दहा वर्षांना ०.०१७ ते ०.०२७ इतकी मोजली गेली आहे. माझ्या टेबलावरचा मीटर मी ७ आणि ९.२ च्या बफरवर (पीएच पक्का ठाऊक असलेल्या द्रावणांवर) लावते, आणि त्याच्या दुसऱ्या दशांशावर मी स्वतः पैज लावणार नाही. समुद्रशास्त्रज्ञ त्यासाठी मेटा-क्रेसॉल पर्पल नावाचा रंग पाण्यात मिसळून त्याची छटा प्रकाशमापकावर वाचतात, तेव्हा कुठे तिसरा दशांश भरवशाचा मिळतो. हवाई बेटांजवळ आणि बर्म्युडाजवळ १९८८ पासून एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन पाणी तपासले जात आहे. ही घसरण कुणा एका दिवसाची बातमी होत नाही, ती अशा चिकाटीने धरलेल्या वह्यांतूनच दिसते.

कारण सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. कारखानदारीपूर्वी हवेत दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. १९५८ साली हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ च्या आसपास होते, आज ४२० च्या पुढे आहेत. माणूस जितका वायू सोडतो त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्रात विरघळतो. समुद्राने तो घेतला नसता तर हवा याहून तापली असती. म्हणजे समुद्राने आपला भार उचलला, त्याची ही किंमत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते. माझ्या पाणी अहवालात दोन रकाने शेजारी शेजारी असतात: कार्बोनेट आणि बायकार्बोनेट. बागायतदाराची नजर बायकार्बोनेटवर जाते, कारण ते जास्त असले की ठिबकचे ड्रिपर चोंदतात. कार्बोनेटच्या रकान्यात बहुतेक वेळा 'निरंक' असते आणि त्याकडे कुणी बघत नाही. समुद्रातल्या कवचधारी जिवांचे भवितव्य मात्र या दुसऱ्या, दुर्लक्षित रकान्यात आहे. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या अजैविक कार्बनपैकी साधारण नव्वद टक्के बायकार्बोनेट, नऊएक टक्के कार्बोनेट, आणि उरलेला एखादा टक्का नुसता विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. बाहेरून नवा कार्बन डायऑक्साइड आला की पाण्याशी मिळून त्याचे कार्बोनिक आम्ल होते, त्यातून हायड्रोजन आयन सुटतो आणि तो बहुतेक वेळा जवळच्या कार्बोनेटला जाऊन चिकटतो. कार्बोनेटचे बायकार्बोनेट होते. त्यामुळे समुद्राचा पीएच फार घसरत नाही खरा, पण तो सावरून धरण्यात ते नऊ टक्के खर्ची पडत आहेत.

ठिबकच्या नळीत पांढरा क्षार बसला की आपण ॲसिड सोडून पाणी चारच्या पीएचपर्यंत उतरवतो, क्षार विरघळला की नळ्या धुऊन काढतो. बातमी वाचून आमच्याकडच्या लोकांच्या डोळ्यांपुढे हेच चित्र आले: अख्ख्या समुद्रात ॲसिड ट्रीटमेंट चालली आहे आणि शिंपले फसफसत आहेत. तसे काही नाही. कवच टिकणार की विरघळणार हे एकटा पीएच ठरवत नाही. पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट यांचा गुणाकार त्या खनिजाच्या विद्राव्यतेच्या रेषेच्या वर आहे की खाली, यावर ते ठरते. समुद्रात कॅल्शियम भरपूर आहे, त्यामुळे सगळा खेळ कार्बोनेटचा. उष्ण कटिबंधातल्या पृष्ठभागाच्या पाण्यात गुणाकार अजून रेषेच्या बराच वर आहे. थंड पाण्यात हा वायू जास्त विरघळतो, म्हणून ध्रुवांकडचे पाणी रेषेच्या सर्वांत जवळ आले आहे. शिवाय कवचाचे खनिजही दोन प्रकारचे: कॅल्साइट जरा चिवट, ॲरागोनाइट लवकर विरघळणारे. कोणाच्या अंगावर कुठले, त्यावर कोणाचा नंबर आधी लागणार ते अवलंबून.

प्लवकांत कोण कोण येते? प्रवाहाविरुद्ध जायची ताकद नसलेले सगळे. एकपेशीय वनस्पती, त्यांना खाणारे बारीक जीव, माशांची अंडी, खेकड्यांची पिल्ले, इतकेच काय जेलीफिशसुद्धा. 'प्लवक नष्ट होणार' हे वाक्य म्हणूनच मला खटकले. शेतात 'पीक नष्ट होणार' असे कुणी सांगितले तर आपण विचारू, कुठले पीक? ऊस की हळद की द्राक्ष?

त्यातल्या एकाविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते सगळ्या विषयाची गोम तिथे आहे. कोकोलिथोफोर नावाची एकपेशीय वनस्पती असते. आकार मिलिमीटरच्या शंभराव्या ते दोनशेव्या भागाएवढा. अंगभर कॅल्साइटच्या नक्षीदार गोल चकत्या. एमिलियानिया हक्सलेयी ही त्यातली सर्वांत जास्त अभ्यासली गेलेली जात. तिला बहर आला की शेकडो किलोमीटर समुद्र दुधाळ निळा होतो आणि ते उपग्रहाच्या चित्रात दिसते. इंग्लंडमधले डोव्हरचे पांढरे कडे मुख्यतः अशाच चकत्यांचे बनलेले आहेत, डायनोसॉरच्या काळातल्या.

ही चकती पेशीच्या बाहेर नाही, आत एका सूक्ष्म पिशवीत घडते. पेशी कॅल्शियम घेते, बायकार्बोनेट घेते, कॅल्शियम कार्बोनेट बसवते, आणि या क्रियेत सुटलेला हायड्रोजन आयन बाहेर टाकते. इथे माझा एखादा चाणाक्ष बागायतदार अडवेल: ताई, बायकार्बोनेट तर वाढतंय म्हणता, मग कवच जाड व्हायला नको का? रास्त शंका आहे. माल कमी पडत नाही हे खरे. अडते ते शेवटच्या पायरीवर. बाहेर हायड्रोजन आयन वाढले की आतला बाहेर ढकलायला पेशीला जड जाते. तो आत साचला तर पेशीचे स्वतःचे काम बिघडते. म्हणून एका बाजूने फायदा, दुसऱ्या बाजूने तोटा, आणि कुठले पारडे जड होते ते जातीवर, तिच्या वाणावर, उजेडावर, तापमानावर ठरते.

हा वाद शास्त्रज्ञांतही झाला. २००० साली उल्फ रीबेझेल आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये लिहिले की कार्बन डायऑक्साइड वाढवला की कोकोलिथोफोर कमी चुना (म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट) बसवतात आणि चकत्या वेड्यावाकड्या होतात. २००८ साली डेबोरा इग्लेसियास-रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये नेमके उलटे मांडले: त्याच जातीच्या पेशी जास्त कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवल्या तर दर पेशीमागे चुना वाढला. दोन्ही ठिकाणची माणसे जाणती. फरक पद्धतीतही होता. पहिल्या प्रयोगात पाण्यात आम्ल घालून पीएच उतरवला होता, दुसऱ्यात वायूचे बुडबुडे सोडले होते. आम्ल घातले की पाण्याची क्षारता (आम्ल पचवण्याची ताकद) घटते, वायू सोडला तर ती तशीच राहते. शिवाय वाणही वेगळे होते. पुढे एकाच जातीचे वेगवेगळे वाण वेगवेगळे वागतात हेही दिसून आले. पद्धत बदलली की आकडा बदलतो, हे ब्युरेट (प्रयोगशाळेतली मापाची नळी) हातात धरलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. आपल्या बातमीत या वादाचा मागमूस नव्हता. वाद आहे म्हणून धोका नाही असे म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही, कारण पुढचे पुरावे बघा.

फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय प्राणी आहेत, तेही प्लवकांत मोडतात आणि कॅल्साइटचे कप्पेदार कवच बांधतात. ते समुद्राचे पाणीच थोडे थोडे पेशीत ओढतात आणि त्याचा पीएच वाढवून त्यातून कवच काढतात. बाहेरचे पाणी जितके खाली, तितका हा चढ मोठा. ब्रिटिशांचे चॅलेंजर नावाचे जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगभरचे समुद्र धुंडाळत फिरले होते. त्या मोहिमेत मिळालेली फोरामिनिफेरांची कवचे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जपून ठेवलेली आहेत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रशांत महासागरातल्या त्या कवचांची तुलना २००९ ते २०१६ दरम्यानच्या टारा या संशोधन जहाजाच्या मोहिमेतल्या कवचांशी केली गेली, तीही सीटी स्कॅन करून. तपासलेली सगळी नवी कवचे जुन्यांपेक्षा पातळ भरली, एका जातीत तर ७६ टक्क्यांपर्यंत. नमुने थोडे होते, आणि तापमान, प्राणवायू यांचाही हात त्यात असू शकतो. तरी जवळपास दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी बाटलीला चिठ्ठी लावून ठेवली नसती तर हे कळलेच नसते. माझ्याकडे अहवाल न्यायला न येणाऱ्या, नेला तर दुसऱ्या दिवशी हरवणाऱ्या गिऱ्हाइकांना मी हे मुद्दाम सांगते.

दक्षिण महासागरातही तेच. ग्लोबिजेरिना बुलॉइडिस या जातीची आजची कवचे तळाच्या गाळात सापडणाऱ्या, कारखानदारीपूर्वीच्या कवचांपेक्षा ३० ते ३५ टक्के हलकी आहेत, असे २००९ साली दिसून आले.

टेरोपॉड म्हणजे पाण्यात पंखांनी उडाल्यासारखी पोहणारी इवली गोगलगाय. तिचे कवच ॲरागोनाइटचे, काचेसारखे पातळ, म्हणून पहिला मार तिच्यावर. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत २०११ साली गोळा केलेल्या नमुन्यांत किनाऱ्याजवळच्या ५३ टक्के आणि दूरच्या २४ टक्के टेरोपॉडांच्या कवचांवर विरघळल्याच्या गंभीर खुणा होत्या. फसफस नाही असे मी वर म्हटले, ते आपल्या उष्ण समुद्राविषयी. अमेरिकेच्या त्या किनाऱ्याला खालचे थंड, कार्बन डायऑक्साइडने भरलेले पाणी वर येते, आणि जिवंत गोगलगाईच्या पाठीवरच कवच झिजते. थंड समुद्रातले हेरिंग, सॅल्मन हे मासे याच गोगलगाई खातात.

आता प्राणवायूची भीती. डायटम नावाचे वनस्पती प्लवक कवच वाळूच्या द्रव्याचे, म्हणजे सिलिकाचे करतात. त्यांना कार्बोनेटची गरज नाही, आणि कार्बन डायऑक्साइड वाढला तर काही जातींना वाढायला बरेच पडते. समुद्रात कवच नसलेले सूक्ष्म जीवही अगणित आहेत. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा जवळजवळ निम्मा वाटा समुद्रातल्या प्लवकांचा, हे खरे. पण त्यांनी सोडलेला बहुतेक प्राणवायू समुद्रातच श्वसनात आणि कुजण्यात वापरला जातो. हवेतला २१ टक्क्यांचा साठा फार जुना आणि फार मोठा आहे. तो आपल्या नातवंडांच्या हयातीत संपत नाही. त्या काकांना मी तेच सांगितले. त्यांना ते फारसे आवडले नाही, भीतीचीही एक गोडी असते.

खरा बदल होतो तो कोण वाढेल आणि कोण मागे पडेल यात, आणि तिथून तो आपल्या ताटापर्यंत येतो. 'समुद्र कुठे, तासगाव कुठे' असे म्हणणाऱ्यांनी आठवडी बाजारात सुकट-बोंबलाच्या पालावर उभे राहावे. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, आणि जवळा हा प्लवकांत गणला जाणारा कोळंबीवर्गीय जीव आहे. म्हणजे भाकरीबरोबर सुकटीची चटणी खाताना आपण प्लवकच खात असतो. बोंबील वाढतो तो बराचसा याच जवळ्यावर. बर्फात घालून रत्नागिरीकडून घाट चढून येणारा बांगडा प्लवक खातो, तारलीही. तारलीतली बरीच फिशमीलला जाते आणि कोंबड्यांच्या खाद्यातून परत आपल्याकडेच येते. जवळ्याचे कवच कायटिनचे असते, त्यामुळे चुन्याची चणचण त्याला थेट जाणवणार नाही. पण तो ज्यांना खातो त्यांची पंगत बदलली तर त्याचेही बदलणार.

अरबी समुद्राची आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात नैऋत्य वाऱ्यांमुळे पश्चिम किनाऱ्यालगत, विशेषतः केरळ-कर्नाटकाकडे, खालचे थंड पाणी वर येते. त्यात पोषकद्रव्ये भरपूर, म्हणून प्लवकांना बहर येतो आणि तारलीची चंगळ होते. पण त्याच पाण्यात प्राणवायू कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त आणि पीएच उतरलेला असतो. म्हणजे तिथल्या प्लवकांना दरवर्षी काही महिने कमी पीएच सोसायची सवय आहे. ही जमेची बाजू. वजाबाकी अशी की वर्षभराची सरासरीच खाली सरकली, तर त्या महिन्यांतला तळ आणखी खाली जाणार. याचा अर्थ तारली एखाद्या वर्षी कमी मिळाली की लगेच पीएचवर खापर फोडावे असा नाही. पाण्याचे तापमान, वाऱ्यांचा जोर, बेसुमार मासेमारी ही कारणे आधी बघावी लागतात. उद्या आपल्याकडे 'आम्लामुळे मासळी महागली' असा मथळा दिसला तर मी पुन्हा पत्र पाठवीन.

बागायतदारांनी उपायही सुचवला. "ताई, मग समुद्रात चुना टाकला म्हंजे झालं की!" आम्ही आम्लधर्मी मातीला चुना घालायला सांगतो, तर सुचणारच. समुद्राची क्षारता वाढवायचे लहान प्रमाणावरचे प्रयोग शास्त्रज्ञ खरोखर करत आहेत. पण हिशेब बघा. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो कळीचा चुना मिळतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, भट्टीचे जळण वेगळेच. माणूस वर्षाला साधारण ४० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला सुमारे १० अब्ज टन समुद्रात जातो. त्याला पुरेल एवढा चुना म्हणजे दरवर्षी कित्येक अब्ज टन. भाजायचा कशावर, न्यायचा कुठल्या जहाजातून?

गंमत अशी की हेच काम आपला सह्याद्री फुकटात करतो. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड काळ्या कातळाला झिजवतो. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटते आणि त्या वायूचे बायकार्बोनेट होऊन पाण्याबरोबर वाहू लागते. कृष्णेतून ते बंगालच्या उपसागराकडे जाते. कोयनेचे जे पाणी विजेसाठी पश्चिमेला वळवले आहे, ते पोफळीकडे उतरून वाशिष्ठीत मिळते आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला जाते. काही वाटेतच आपल्या मातीत चुनखडी होऊन बसते, तेच मी अहवालात 'मुक्त चुना' म्हणून टक्क्यांत लिहिते आणि बागायतदार कपाळाला हात लावतो. सातारा-सांगलीचा समुद्राशी संबंध नाही असे मला कुणी सांगू नये. फक्त या झिजण्याचा वेग फार मंद. समुद्राची रसायनव्यवस्था अशा वाटेने पूर्ववत व्हायला हजारो वर्षे लागतात, काही भागाला त्याहून कितीतरी जास्त. सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वीही हवेत आणि समुद्रात प्रचंड कार्बन आला होता. तेव्हा तळाशी राहणाऱ्या फोरामिनिफेरांच्या कितीतरी जाती संपल्या, वर तरंगणाऱ्या बऱ्याचशा टिकल्या. पण तो कार्बन यायला हजारो वर्षे लागली होती. आजचा वेग त्याच्या साधारण दहापट आहे, आणि एवढ्या घाईत जातींना बदलायला वेळ मिळत नाही.

आता मागणी. पावसाळ्यात आपण रोज कोयना, वारणा, धोम, कण्हेर यांचा साठा चौकटीत छापता. आम्ही चहाच्या आधी ती चौकट बघतो. त्याच चौकटीखाली आठवड्यातून एकदा मौना लोआचा कार्बन डायऑक्साइडचा आकडा आणि गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याचा आकडा छापा. जागा एका ओळीची लागते, आकडा जाहीर आणि फुकट मिळतो. वाचकाला तो वर्षभर दिसला की पुढच्या वेळी समुद्राची बातमी देवमाशाशिवायही वाचली जाईल. आणि अशा बातमीत निदान एवढे तरी असावे: पीएच कुठून कुठे आला, कुठल्या समुद्रात, आणि कुठल्या जिवाबद्दल आपण बोलतोय.

दुसरी विनंती आपल्यामार्फत शाळांना. दिवाळीनंतर इकडच्या शाळांच्या सहली गणपतीपुळे, रत्नागिरी, मालवणला जातात. रत्नागिरीत कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, तिथले मत्स्यालय मुले बघतात, फोटो काढतात, परत येतात. येताना शिक्षकांनी समुद्राच्या पाण्याची एक बाटली माझ्याकडे आणावी, फी नाही. एका बाटलीवरून समुद्र किती बदलला हे मला सांगता येणार नाही, कुणालाच येणार नाही. पण तेच पाणी आणि शाळेच्या बोअरचे पाणी शेजारी ठेवून कार्बोनेट-बायकार्बोनेट कसे काढतात ते दाखवीन, आणि एखाद्या पोराला नळीने त्यात फुंकर मारायला लावीन, म्हणजे श्वासातल्या वायूने मीटरवरचा आकडा उतरताना सगळ्यांना दिसेल. बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरावी, झाकण तिथेच लावावे, आत हवेचा बुडबुडा ठेवू नये. बर्फाच्या डब्यात ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत पोचवावी. थंड पेयाची रिकामी बाटली कृपया वापरू नये. त्यातल्या आम्लाचे दोन थेंब राहिले तरी सगळे मोजमाप वाया जाते.

कळावे,
आपली,
माती-पाणी प्रयोगशाळा चालवणारी एक वाचक
तासगाव, जि. सांगली
(नाव छापू नये. गिऱ्हाइके पीएच सोडून समुद्राबद्दलच विचारत बसतील.)